घोड्यांचा फिरता दवाखाना: गाडी, फोन आणि अंतराचं गणित

पाचशे किलोचा घोडा पोट दुखून लोळतोय आणि डॉक्टर दीड तासावर आहे. ग्रामीण भागात घोड्यांचा फिरता दवाखाना चालवायचा तर सगळी आखणी या एका प्रसंगाभोवती करावी लागते. लसीकरण, दात, गाभण तपासणी ही रोजची कामं. दवाखाना चालतो तो त्यांच्यावर. पण गाडीत काय ठेवायचं, फोनवर काय विचारायचं आणि कोणता घोडा जागेवर बरा करायचा, कोणता ताबडतोब हॉस्पिटलला पाठवायचा, हे ठरतं त्या लोळणाऱ्या घोड्यावरून.

घोड्याच्या शरीराच्या दोन गोष्टी इथे आडव्या येतात. पहिली, घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका जठराला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की पुढचा रस्ता तुंबला की जठर फुगत जातं आणि शेवटी फुटू शकतं. दुसरी, आकार. ५०० किलोच्या घोड्याच्या अंगातलं पाणी वजनाच्या ६ टक्के कमी झालं तर तूट ३० लिटरची होते. एक लिटरच्या ३० बाटल्या लावून ती भरून काढणं गाडीतून होणारं काम नाही. म्हणून माणसांच्या किंवा कुत्र्यामांजरांच्या उपचारांतले बरेच आडाखे इथे जसेच्या तसे चालत नाहीत.

आधी नकाशा, मग गाडी

कामाचा परिसर किलोमीटरमध्ये मोजू नये, मिनिटांत मोजावा. वीस किलोमीटरचा घाट आणि वीस किलोमीटरचा सरळ रस्ता यांत दुपटीचा फरक पडतो, पावसाळ्यात आणखी. प्रत्येक पागेसाठी दोन आकडे लिहून ठेवावेत: आपण तिथे पोचायला लागणारा वेळ, आणि तिथून घोड्याच्या पोटाची शस्त्रक्रिया करणाऱ्या जवळच्या हॉस्पिटलपर्यंत घोडा गाडीतून न्यायला लागणारा वेळ. दुसरा आकडा जास्त महत्त्वाचा. हॉस्पिटल चाळीस मिनिटांवर असेल तर औषध देऊन दोन तास वाट बघणं परवडतं. चार तासांवर असेल तर तोच घोडा पहिल्याच भेटीत रवाना करावा लागतो. पिळ पडलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तोवर तुटलेला असतो आणि ते काही तासांत मरतं. लक्षणं तीच, घोडा तसाच, निर्णय मात्र वेगळा. नव्याने काम सुरू करणारे बहुतेक जण इथेच उशीर करतात.

घोडा न्यायची गाडी कोणाकडे आहे, तिचा चालक रात्री उठतो का आणि घोडा तिच्यात चढतो का, हे मालकाला आधीच विचारून ठेवावं. कधीच गाडीत न चढलेला घोडा पोटदुखीत पहिल्यांदा चढवायला तासभर सहज जातो. सराव मालकाने निवांत दिवशी करून घ्यायचा असतो.

गाडीत काय आणि कुठे

सुरुवात वजनापासून. साठ लिटर पाणी म्हणजे साठ किलो. सलाईनच्या तीस बाटल्या तीस किलोहून जास्त. ड्रॉवरचा सांगाडा शंभर-दीडशे किलोचा होतो. त्यात फ्रिज, दुसरी बॅटरी, एक्स-रे, सोनोग्राफी, दातांची यंत्रं आणि दोन माणसं. गाडीच्या कागदपत्रांतली भारक्षमता कधी ओलांडली गेली ते कळतही नाही. कळतं ते उतारावर ब्रेक लावताना. जड सामान खाली आणि मागच्या चाकाच्या पुढे ठेवावं. ड्रॉवरना कुलूपवजा अडकण हवी, नाहीतर पहिल्याच खड्ड्यात सुया आणि बाटल्या एकत्र होतात.

ड्रॉवर औषधांच्या वर्गाप्रमाणे लावण्यापेक्षा प्रसंगाप्रमाणे लावलेले बरे. पोटदुखीचा एक डबा: नळी, हातपंप, खुणा केलेल्या दोन बादल्या, लांब हातमोजे, जेल, गुंगीचं औषध, वेदनाशामक. जखमेचा दुसरा, घोडी विण्याचा तिसरा, डोळ्याचा चौथा. रात्री टॉर्चच्या उजेडात पाच ड्रॉवर उघडत बसावं लागत नाही, आणि सोबतच्या माणसाला "लाल डबा आण" एवढं सांगितलं तरी पुरतं. काहीही वापरलं की त्याच रात्री भरून ठेवायचं, सकाळवर ढकलायचं नाही.

लसी आणि ऑक्सिटोसिन २ ते ८ अंशांत राहायला हवीत. प्रोकेन पेनिसिलिनही थंड ठेवलेलं बरं, कारण उष्णतेत त्यातलं प्रोकेन मोकळं होतं आणि इंजेक्शन दिल्यावर घोडा अचानक बिथरून धडपडण्याचा धोका वाढतो. लसी जितक्या उन्हाने खराब होतात तितक्याच गोठण्याने होतात, हे विसरलं जातं. बर्फाच्या पिशवीला थेट टेकलेली धनुर्वाताची लस गोठली तर पुन्हा पातळ झाल्यावर साधारण पहिल्यासारखीच दिसते, पण तिच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मध्ये पुठ्ठा किंवा फडकं हवं, आणि फ्रिजमध्ये कमाल-किमान तापमान नोंदवणारा थर्मामीटर. सकाळी एकदा आकडा बघून पुरत नाही. दुपारी उन्हात बंद उभ्या गाडीत काय झालं ते तो दाखवतो.

फ्रिज मुख्य बॅटरीवर चालवला की एक दिवस गाडी सुरू होत नाही, आणि तो दिवस बहुधा सर्वांत दूरच्या पागेवर उगवतो. इंजिन चालू असताना चार्ज होणारी वेगळी बॅटरी बसवून घ्यावी. दात घासण्याच्या यंत्रासाठी इन्व्हर्टर लावत असाल तर १००० वॉटला १२ व्होल्टच्या बॅटरीतून ८५ अँपिअरच्या आसपास करंट ओढला जातो, हे ध्यानात ठेवा. बारीक वायर तापते. वायर जाड, लांबी कमी आणि फ्यूज बॅटरीजवळच हवा. बॅटरीवर चालणारी यंत्रं मिळत असताना इन्व्हर्टरच्या भानगडीत पडू नये, असं आमचं मत.

गुंगीची आणि नियंत्रित औषधं गाडीला बोल्टने पक्क्या केलेल्या कुलूपबंद पेटीत ठेवायची आणि प्रत्येक मिलिलिटर नोंदवहीत लिहायचा. सांडलेला आणि फुटलेलाही.

फोनवरची पहिली पाच मिनिटं

घाबरलेला मालक फोनवर गोष्ट सांगू लागतो. त्याला मध्येच थांबवून ठरलेले प्रश्न ठरलेल्या क्रमाने विचारावेत. घोडा उभा आहे की आडवा? लोळतोय का, अंग आपटतोय का? शेवटचा ठणठणीत कधी पाहिला? शेवटची लीद कधी, कशी? रातीब, वैरण, पाणी किंवा काम यांत गेल्या दोन-तीन दिवसांत काही बदललं का? घोडी असेल तर गाभण आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं, आतापर्यंत काय दिलं? वेदनाशामक आधीच टोचलेलं असेल आणि ते लपवलं गेलं, तर पुढची सगळी तपासणी फसवी होते. "दिलंय का?" असं विचारलं की उत्तर "नाही" येतं. "काय काय दिलंत?" असं विचारावं.

पुढे दोन मोजमापं मालकाकडून करून घेता येतात. डाव्या कोपराच्या मागे छातीला हात लावून १५ सेकंदांत पडणारे ठोके मोजायचे आणि चारने गुणायचे. दुसरं, वरचा ओठ उचलून हिरडीचा फोटो पाठवायचा. नेहमीच्या मालकांना हे आधी शिकवून ठेवलं तर घोडा शांत असताना त्याचे ठोके किती असतात तेही त्यांना माहीत होतं.

मग सूचना. समोरची वैरण आणि रातीब काढून घ्या. घोडा शांत उभा किंवा पडून असेल तर तसाच राहू द्या. लोळत असेल आणि तुमच्या अंगावर येणार नसेल तर दहा-पंधरा मिनिटं हळू चालवा. तासन्‌तास फिरवून घोडाही दमतो आणि माणूसही. बाटलीने तेल, काढा किंवा काहीही तोंडात ओतू नका. ते श्वासनलिकेत गेलं तर पोटदुखी बरी होऊनही घोडा न्यूमोनियाने दगावतो. घोडा अरुंद खोलीत आपटत असेल तर आत शिरू नका. उजेडाची सोय करा, दोन बादल्या कोमट पाणी आणि म्होरकी धरणारा एक माणूस तयार ठेवा. नेटवर्क जिथे संपतं तिथून पुढची खूण विचारून घ्या: कोणतं वळण, कोणता पूल, फाटक उघडं असेल का.

नाकातून वैरण आणि लाळ येत असेल, मान पुढे ताणून घोडा खोकत असेल, तर अन्ननलिकेत घास अडकलेला असण्याची शक्यता जास्त. मालकाला ती पोटदुखी वाटते. अशा घोड्याला डॉक्टर पोचेपर्यंत खायला काही नाही आणि पाणीही नाही.

विणाऱ्या घोडीचा फोन याहून वेगळा. पाण्याची पिशवी फुटल्यापासून शिंगरू साधारण २० ते ३० मिनिटांत बाहेर येतं. डॉक्टर तासावर असेल तर निकाल त्याच्या पोचण्याआधीच लागतो. पांढरट पडद्याऐवजी लाल मखमली पिशवी बाहेर दिसली तर वार आधीच सुटली आहे आणि शिंगराला प्राणवायू मिळत नाहीये. ती पिशवी तिथल्या तिथे फाडायची, वाट बघायची नाही. हे फोनवर सांगत बसायला वेळ नसतो, म्हणून घोडी विण्याच्या महिनाभर आधी मालकाला दाखवून ठेवावं.

पोटदुखीच्या घोड्याजवळ पोचल्यावर

क्रम चुकला की माहिती हरवते. झायलाझिन हे गुंगीचं औषध दिलं की ठोके खाली येतात. आतडी सैल करणारं हायोसिन दिलं की वर जातात. म्हणून औषधाच्या आधी ठोके मोजून लिहून ठेवायचे. घोडा धोकादायक रीतीने आपटत असेल तरच या नियमाला फाटा. मोठ्या घोड्याचे विश्रांतीतले ठोके मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.२ ते ३८.३ अंश. ठोके सतत ६० च्या वर असतील आणि वेदनाही असेल तर दुखणं साधं नाही. ८० च्या वर गेले तर मालकाशी स्पष्ट बोलायची वेळ आली. हिरडी गुलाबी, ओलसर हवी. बोटाने दाबून सोडल्यावर रंग दोन सेकंदांत परतायला हवा. दातांच्या कडेला जांभळट रेघ दिसली तर आतड्यातलं विष रक्तात उतरू लागलं आहे. पोटाचे आवाज दोन्ही बाजूंना वर आणि खाली, चारही ठिकाणी मिनिट-मिनिट ऐकावेत. आवाज अजिबात नसणं जास्त वाईट.

यानंतर नळी. नाकपुडीतून आत, खालच्या तळाला धरून. वरच्या बाजूला गेली तर नाकाच्या आतल्या जाळीला लागून रक्ताची धार लागते. ती दिसते भयानक, पण बहुतेक वेळा दहा-पंधरा मिनिटांत आपोआप थांबते. मालकाला हे नळी घालण्यापूर्वी सांगावं. नंतर सांगितलं तर सबब वाटते. घशाशी पोचल्यावर घोड्याची हनुवटी छातीकडे वाकवायची आणि गिळण्याची वाट बघायची. नळी अन्ननलिकेत गेली की मानेच्या डाव्या बाजूला सरकताना दिसते किंवा हाताला लागते, आणि तोंडाने ओढलं तर हवा सहज येत नाही. श्वासनलिकेत गेली असेल तर हवा मोकळी ये-जा करते आणि मान हलवली की आत नळी खडखडते. खात्री होईपर्यंत एक थेंबही ओतायचा नाही.

जठरात पोचल्यावर मोजलेलं थोडं पाणी आत सोडून नळीचं टोक खाली धरायचं म्हणजे वाहू लागतं. बाहेर आलेल्यातून आपण घातलेलं वजा करायचं, खुणा केलेल्या बादल्या त्यासाठीच. दोन लिटरपेक्षा जास्त येत असेल तर पुढे कुठेतरी रस्ता बंद आहे. अशा घोड्याला तेल किंवा पाणी देणं म्हणजे भरलेल्या जठरात आणखी भर घालणं. नळी काढायची नाही, म्होरकीला पक्की चिकटवून हॉस्पिटलपर्यंत तशीच ठेवायची. वाटेत जठर फुटण्याचा धोका तेवढ्याने बराच कमी होतो.

काहीच परत येत नसेल आणि मोठ्या आतड्यात कोरडी लीद अडकल्याचं हाताला लागत असेल, तर फिरत्या दवाखान्याच्या दृष्टीने ही सर्वांत सोयीची पोटदुखी. दर लिटर पाण्यात साधारण ५.३ ग्रॅम मीठ, ०.४ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि ३.८ ग्रॅम खाण्याचा सोडा घालून सहा ते आठ लिटर नळीने, उंच धरलेल्या फनेलमधून द्यायचं. दर वेळी आधी परत काही येतं का ते बघायचं. एवढ्या द्रवासाठी एरवी शिरेतून सलाईन लावावं लागलं असतं. मिश्रणाच्या पुड्या दहा-दहा लिटरच्या मापाने घरीच बांधून ठेवाव्यात. अंधारात वजनकाटा काढायला कोणाला उसंत नसते.

खचलेल्या घोड्याला गाडीत चढवण्याआधी ७.२ टक्के तीव्रतेचं सलाईन कामी येतं. मात्रा किलोला ४ मिलिलिटर, म्हणजे ५०० किलोला दोनच लिटर. ते शरीरातलंच पाणी रक्तात ओढून रक्तदाब तात्पुरता सावरतं. हे उसनं पाणी असल्यामुळे पुढे दर लिटरमागे साधारण दहा लिटर साधं सलाईन जायला हवं. ते हॉस्पिटलमध्ये जाईल, पण चिठ्ठीत लिहायला विसरू नये.

गुदामार्गे हात घालून तपासणी हा उपयोगी पण धोक्याचा भाग. घोड्याचा मलाशय फाटू शकतो आणि फाटला तर जीव जाऊ शकतो. गुंगी, किलोला ०.३ मिलिग्रॅम हायोसिन शिरेतून, भरपूर जेल, आणि घोड्याने जोर केला की हात जागच्या जागी थांबवायचा किंवा मागे घ्यायचा, पुढे रेटायचा नाही. मोज्यावर ताजं रक्त दिसलं तर तिथेच थांबून मालकाला तत्काळ सांगणं आणि हॉस्पिटलला फोन करणं, याला पर्याय नाही. लहान चणीच्या किंवा ऐकतच नसलेल्या घोड्यात ही तपासणी सोडून द्यावी. पोटाच्या बाहेरून सोनोग्राफी करूनही बरंच कळतं.

वेदनेसाठी फ्लुनिक्सिन, किलोला १.१ मिलिग्रॅम. मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमची बाटली असेल तर ५०० किलोला ११ मिलिलिटर, शिरेतूनच. स्नायूत दिलं तर क्वचित का होईना, पण तिथे जिवाणू वाढून मांस सडतं आणि पोटदुखीतून वाचलेला घोडा त्यात जातो. परिणाम बारा तासांच्या हिशेबाने धरायचा. दोन-तीन तासांत वेदना पुन्हा उसळली तर दुसरा डोस शोधत बसू नये, घोडागाडी बोलवावी. ठोके ६० च्या वर, नळीतून परत येणारं पाणी, हाताला लागणारी फुगलेली लहान आतडी, वाईट हिरड्या किंवा पोटातून सुईने काढलेलं लालसर पाणी, यांतलं काहीही असलं तरी तेच. मालक म्हणतो, "आता जरा बरा दिसतोय, सकाळपर्यंत बघू." औषधाने वेदना लपते, पिळ सुटत नाही. त्याला हे वाक्य ऐकवण्यापेक्षा ठोक्यांचे आकडे वेळेसकट कागदावर दाखवावेत: सात वाजता ५२, आठ वाजता ६४. औषध देऊनही चढणारा आकडा पाहिल्यावर वाद राहत नाही.

गाढव आणि खेचर यांच्याबाबत वेगळी सावधगिरी हवी. गाढव पोट दुखून लोळेलच असं नाही. नुसतं मान खाली घालून गप्प उभं राहतं आणि खाणं सोडतं. "गाढव जरा मलूल आहे" या फोनला पोटदुखीच्या फोनइतकीच घाई करावी.

शीर, सुई आणि माणसाचा जीव

मानेतल्या शिरेत इंजेक्शन देणं सोपं वाटतं, पण तिच्या मागेच मेंदूकडे जाणारी धमनी असते. मानेच्या वरच्या भागात दोघींच्या मध्ये स्नायूचा पडदा असतो, खालच्या भागात नसतो. म्हणून वरच्या तिसऱ्या भागातच टोचायचं. आधी सिरिंज न लावता नुसती जाड सुई घालावी. रक्त संथ थेंबाथेंबाने आलं तर शीर. ठोक्याबरोबर उसळत, लालभडक आलं तर धमनी, सुई काढा आणि दाबून धरा. धमनीत झायलाझिन गेलं तर औषध संपायच्या आतच घोडा उसळून कोसळतो, आणि डॉक्टर त्याच्या खांद्याला चिकटून उभा असतो.

मात्रा वजनावर आणि काटा जवळपास कुठेच नाही. छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावा आणि ११,८८० ने भागावं. घेर १७० आणि लांबी १५५ असेल तर वजन साधारण ३७७ किलो येतं. नुसत्या नजरेच्या अंदाजापेक्षा हे कितीतरी बरं. शिंगरांना आणि गाभण घोड्यांना हे सूत्र नीट लागू पडत नाही.

म्होरकी धरणारा माणूस डॉक्टरच्याच बाजूला उभा हवा. घोडा बुजला तर त्याचं तोंड आपल्याकडे ओढलं जातं आणि मागचे पाय पलीकडे जातात. दोरी हाताला गुंडाळायची नाही. गुंगीतला घोडाही लाथ मारतो, आणि नेमकी मारतो. मान खाली लोंबते आहे म्हणून मागे निर्धास्त जाऊ नये. मालकाचा हट्टी मुलगा मदतीला पुढे आला तर त्याला टॉर्च द्यावा, दोरी नाही.

ठरवलेली कामं

भाग वाटून घ्यावा: सोमवारी नदीपलीकडचा पट्टा, मंगळवारी डोंगराकडचा, असं. रोज दोन-अडीच तास मोकळे ठेवावेत, कारण तातडीचा फोन येणारच. सगळे तास भरले की एका पोटदुखीने सहा मालक नाराज होतात.

काही कामं मात्र पुढे ढकलता येत नाहीत. घोडीची गाभण तपासणी बीज सुटल्यापासून १४ ते १६ दिवसांत करावी लागते. तोवर गर्भाची पिशवी गर्भाशयात फिरत असते. जुळं दिसलं तर एक पिशवी सोनोग्राफीखाली बाजूला घेऊन फोडता येते. सोळाव्या दिवसाच्या सुमारास ती एका जागी रुतते, आणि दोन्ही शेजारी रुतल्या तर हे काम अवघड होतं. जुळी बहुतेक वेळा पूर्ण दिवस जात नाहीत. सुमारे ३५ व्या दिवसानंतर गर्भ गेला तरी घोडी लवकर माजावर येत नाही, म्हणजे हंगाम वाया. या भेटीची तारीख आधी लिहावी, बाकीचा आठवडा तिच्याभोवती बसवावा.

दिवसाचा क्रम नेहमी निरोग्याकडून आजाऱ्याकडे: आधी शिंगरं आणि गाभण घोड्या, मग लसीकरण, शेवटी ताप आणि शेंबडाचे घोडे. स्ट्रँगल्समध्ये, म्हणजे जबड्याखाली गाठी आणणाऱ्या घोड्यांच्या संसर्गजन्य आजारात, ताप आल्यानंतर दोन-तीन दिवसांनी नाकातून जंतू पडू लागतात. म्हणून पागेत एकाला जबड्याखाली गाठ आली की बाकी सर्वांचं तापमान दिवसातून दोनदा मोजायला सांगावं आणि ताप आलेला घोडा त्याच दिवशी वेगळा करावा. तेवढ्याने साथ आटोक्यात येते. बूट आधी ब्रशने घासून मगच जंतुनाशकात बुडवायचे. चिखल आणि लिदीत जंतुनाशक निकामी होतं. नाकात व्रण आणि कातडीवर फुटणाऱ्या गाठी एकत्र दिसल्या तर ग्लँडर्सचा संशय धरून हातमोजे, मास्क आणि प्राणिरोग यंत्रणेला लगेच कळवणं. तो माणसाला होतो आणि जिवावर बेततो.

पायाच्या एक्स-रेत माणसं सर्वांत निष्काळजी असतात. प्लेट हाताने धरायची नाही, लांब दांड्याच्या पकडीत धरायची. अंतर दुप्पट केलं की किरणांचा मारा चौथाई होतो. तळव्यात खिळा घुसलेला असेल तर मालकाने तो उपटू नये. आहे तसा एक्स-रे काढला तर तो हाडापर्यंत किंवा सांध्यापर्यंत गेलाय का हे कळतं. उपटल्यावर भोक मिटतं आणि दिशा हरवते. पायाखाली दोन्ही बाजूंना लाकडाचे ठोकळे बांधून तो आणखी आत जाणार नाही एवढंच बघावं.

खच्चीकरण सपाट, मऊ जमिनीवर, सकाळी. किलोला १.१ मिलिग्रॅम झायलाझिन शिरेतून; पाच मिनिटांत मान खाली यायला हवी. आली नाही तर पुढचं इंजेक्शन द्यायचंच नाही, कारण अर्धवट गुंगीतल्या घोड्याला भूल देणारं केटामिन दिलं की तो बिथरतो. नीट गुंगी आल्यावर २.२ मिलिग्रॅम केटामिन, सोबत थोडं डायझेपाम. हातात दहा ते वीस मिनिटं मिळतात. धनुर्वाताची लस आधी झालेली हवी. नंतर जखमेतून थेंब मोजता येण्याइतकं रक्त चालतं, धार चालत नाही. पहिले चार-सहा तास मालकाने लक्ष ठेवायचं, आतडं बाहेर डोकावलं तर ओल्या स्वच्छ चादरीत धरून फोन. या कारणासाठी दुपारनंतर खच्चीकरण घेऊ नये.

नव्या शिंगराचा हिशेब मालकाला पाठ असावा: तासात उभं, दोन तासांत दूध, तीन तासांत वार पडलेली. वार राहिली तर गाईसारखी वाट बघायची नाही. घोडीत त्यातून विषबाधा आणि खुरांची सूज येते. चीक पुरेसा गेला का हे १८ ते २४ तासांच्या दरम्यान रक्ततपासणीत कळतं. अँटिबॉडीचं प्रमाण डेसिलिटरला ८०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त हवं.

शेवटचं इंजेक्शन

घोडा वाचणार नाही हे ठरल्यावर इंजेक्शनआधी जागा ठरवावी. पाचशे किलोचं धूड खोलीच्या आत पडलं तर भिंत फोडावी लागते. खोदाई यंत्र किंवा उचलायची गाडी पोचेल अशा जागी घोडा चालत नेता येतो, तोवर न्यावा. त्यासाठी पेंटोबार्बिटल हे औषध वापरलं तर ते मृतदेहात टिकून राहतं, आणि ते मांस खाणारी कुत्री, गिधाडं, कोल्हे मरतात. उघड्यावर टाकायचं नाही. विहीर आणि ओढ्यापासून दूर खोल पुरायचं किंवा जाळायचं. त्या भागातले पुरण्याचे नियम डॉक्टरला आधीच माहीत असावेत, त्या वेळी मालकाला शोधायला लावू नये.

पैसे आणि झोप

प्रवासाचा आकार उपचारापासून वेगळा लावावा आणि फोनवरच सांगावा. तो औषधांच्या किमतीत लपवला की दूरचा मालक स्वस्तात सुटतो, जवळचा त्याचा भार उचलतो. एकाच गावातल्या चार-पाच मालकांनी मिळून दिवस ठरवला तर प्रवासखर्च वाटून घ्यायची सवलत द्यावी; गाडीचे तासही वाचतात. गुंगी, खच्चीकरण आणि हॉस्पिटलला नेण्यास नकार, या तिन्हींसाठी सही घ्यावी. शर्यतीच्या किंवा स्पर्धेच्या घोड्याला औषध दिलं तर ते शरीरातून जायला किती दिवस लागतात ते चिठ्ठीवर लिहून द्यावं.

एकट्या डॉक्टरने वर्षभर चोवीस तास फोन उचलणं फार काळ टिकत नाही. शेजारच्या परिसरातल्या डॉक्टरशी आठवड्याच्या रात्री वाटून घ्याव्यात आणि ती यादी मालकांना लेखी द्यावी. रात्री ज्याची पाळी, त्याला त्या पागेचे दोन आकडे, घोड्यांची वजनं आणि आधी दिलेल्या औषधांची नोंद मोबाईलवर दिसायला हवी, नेटवर्क नसतानाही.